युद्ध युक्रेनात, भांडण अमेरिकेशी, अन् भाव पडला आपल्या कापसाचा! डाव्या विचाराचे लोक याकडं कसं बघतात? समजून घ्या



मागच्या आठवड्यात आमच्या गावात कापसाचा काटा आला होता. खेडा खरेदीवाला. माझ्या पुढं शेजारचे आबा पाच-सहा क्विंटल कापूस घेऊन उभे. व्यापाऱ्यानं भाव सांगितला ६,८००. आबा म्हणाले, "अरे, सरकारचा भाव तर आठ हजाराच्या वर हाय ना?" तो म्हणाला, "आबा, बाहेरदेशाचा कापूस आलाय. अमेरिकेनं टॅक्स लावलाय. माझ्या हातात काय हाय?" आबा माझ्याकडं वळले. "तू बातम्या लिहितो ना रे? मग सांग, अमेरिकेचा अन् माझ्या पऱ्हाटीचा संबंध काय?"

तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. मी पण माझा कापूस मोजायलाच आलो होतो. घरी येऊन कागद-पेन घेऊन बसलो, चार ठिकाणी वाचलं, दोन-चार जाणकारांशी बोललो. आज तेच सगळं सोप्या भाषेत मांडतो. जगातल्या भांडणांचा अन् गरिबाच्या खिशाचा संबंध सांगणारा एक जुना विचार आहे, त्याला आपण 'डावा' किंवा 'लाल झेंड्याचा' विचार म्हणतो. तो काय म्हणतो, कुठं पटतो, कुठं अडखळतो, हे पण बघू. पटवून घ्यायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

साखळी कशी आहे? एक-एक कडी बघा

पहिली कडी. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर चढाई केली. अमेरिका आणि युरोपनं रशियावर निर्बंध घातले. त्यामुळं रशियाचं कच्चं तेल स्वस्तात मिळू लागलं. युद्धाआधी भारत बाहेरून जेवढं तेल घ्यायचा त्यात रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता. पुढं तो एक तृतीयांशाच्या वर गेला.

दुसरी कडी. अमेरिकेनं भारताच्या मालावर ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के टॅरिफ लावलं. टॅरिफ म्हणजे बाहेरचा माल देशात घेताना लावलेला कर. मग 'रशियाचं तेल घेता' असं म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के लावलं. झाले ५० टक्के. त्याच वेळी बांगलादेश आणि व्हिएतनामच्या मालावर २० टक्केच होतं.

तिसरी कडी. आपल्या देशात शिवलेल्या कपड्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. तमिळनाडूच्या तिरुप्पूरमध्ये बनियन, टी-शर्ट शिवणारे कारखाने अडचणीत आले. गिरणीवाले, कारखानदार सरकारकडं गेले. म्हणाले, आम्हाला निदान कापूस तरी स्वस्त मिळू द्या.

चौथी कडी. बाहेरून येणाऱ्या कापसावर भारतात ११ टक्के आयात शुल्क होतं. सरकारनं १९ ऑगस्ट २०२५ ला ते काढून टाकलं. आधी मुदत ३० सप्टेंबरपर्यंत होती. तिथं थांबले असते तर आपल्याला एवढा फटका नव्हता, कारण आपली वेचणी दसऱ्या-दिवाळीला जोर धरते. पण २८ ऑगस्टला ती मुदत वाढवून ३१ डिसेंबर केली. म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या वेळेला बाहेरच्या कापसाला दार उघडं.

पाचवी कडी म्हणजे आबांचा काटा.

११ टक्क्यांनी काय होतं?

सोपा हिशेब करू. समजा बाहेरदेशाची रुई आपल्या बंदरावर १०० रुपयांना पडते. शुल्क धरलं तर गिरणीला ती १११ ला पडणार. तेव्हा जिनिंगवाला गिरणीला १०८, १०९ ला रुई विकू शकतो अन् त्या हिशेबानं आपल्याला भाव देऊ शकतो. शुल्क काढलं की गिरणीवाला म्हणतो, मला बाहेरून १०० ला मिळती, तुला जास्त का देऊ? एका क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी. रुईचा भाव दबला की कापसाचा दबलाच.

बाहेरून किती गाठी आल्या हा नंतरचा विषय. 'येणार आहेत' एवढ्या बातमीवरच मोंढ्यातला भाव नरम होतो.

हे पहिल्यांदा झालं असं पण नाही. २०२२ च्या सुरुवातीला कापूस दहा हजाराच्या वर गेला होता, आठवतं ना? त्या वर्षी एप्रिलमध्ये सरकारनं हेच शुल्क काढलं होतं, ते ऑक्टोबरअखेरपर्यंत काढलेलंच होतं. सोयाबीनचंही तसंच. ३० मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. बाहेरचं तेल स्वस्त झालं की इथल्या सोयाबीनला उठाव कुठून येणार?

डावे म्हणजे कोण?

हा शब्द फ्रान्समधून आला. १७८९ च्या क्रांतीच्या वेळी तिथल्या सभेत राजाचे अधिकार कमी करा म्हणणारे अध्यक्षाच्या डाव्या हाताला बसायचे. तेव्हापासून जमीनदार, भांडवलदार यांच्या उलट बाजूनं बोलणाऱ्याला डावा म्हणतात. आपल्याकडं कम्युनिस्ट पक्ष, शेतकरी कामगार पक्ष, किसान सभा हे त्यातले. अखिल भारतीय किसान सभा १९३६ ला लखनौमध्ये स्थापन झाली, पहिले अध्यक्ष स्वामी सहजानंद सरस्वती. म्हणजे लाल झेंडा परवाचा नाही.

आपल्या मराठवाड्याला तर तो जवळचा. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होतं. त्याच राज्याच्या तेलुगू भागात १९४६ ते १९५१ या काळात वेठबिगारी अन् देशमुखी जमीनदारीच्या विरोधात शेतकऱ्यांचा मोठा लढा झाला. तो तेलंगणा लढा कम्युनिस्टांच्या पुढाकारानं झाला होता.

जगातल्या भांडणांबद्दल डाव्यांचं म्हणणं थोडक्यात असं. दोन देश भांडताना दिसतात, पण आत बघा, बाजारपेठ, तेल, खनिज आणि रस्ते कुणाच्या ताब्यात राहणार याचं ते भांडण असतं. लेनिननं पहिल्या महायुद्धाच्या वेळीच हे मांडलं होतं. निर्णय वरचे घेतात, किंमत खालचे मोजतात. मरणारा सैनिक शेतकऱ्याचा, मजुराचा पोरगा असतो. अन् जिथं गोळी पोचत नाही तिथं महागाई पोचते, पडलेला भाव पोचतो.

खताचं बघा. पोटॅश आपण सगळंच बाहेरून आणतो, त्यातलं बरंचसं रशिया अन् बेलारूसकडून यायचं. युद्ध लागलं, भाव भडकले. मग गाझाचं युद्ध सुरू झालं, तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली. वर चीननं खताच्या निर्यातीवर बंधनं आणली. २०२४ च्या रब्बीत डीएपीच्या गोणीसाठी रांगेत कोण उभं होतं ते मला सांगायची गरज नाही.

ही गोष्ट फक्त आपली नाही

२००३ साली बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे आफ्रिकेतले चार गरीब देश जागतिक व्यापार संघटनेत गेले. तक्रार एकच होती, आम्ही कापूस पिकवतो, पण अमेरिका आपल्या कापूस शेतकऱ्याला एवढं अनुदान देते की जगाचा भाव पडतो अन् आमचा माणूस मरतो. हे चारही देश आपल्यासारखे, घरची माणसं अन् बैल घेऊन शेती करणारे. समोर अमेरिकेतले यंत्रानं वेचणी करणारे काही हजार मोठे शेतकरी.

ब्राझीलनं पण तिथं अमेरिकेवर दावा लावला आणि जिंकला. शेवटी २०१४ ला अमेरिकेनं ३० कोटी डॉलर देऊन ब्राझीलशी मिटवून घेतलं. आफ्रिकेच्या त्या चार देशांच्या हातात असं काही पडलं नाही. आज ब्राझील कापूस निर्यातीत जगात पहिल्या रांगेत आहे. तिथं एकेका शेताची मोजणी हजारो हेक्टरमध्ये होते.

डावे म्हणतात ते इथंच. 'खुली स्पर्धा' हा शब्द कानाला गोड लागतो, पण एका बाजूला हजारो हेक्टर, यंत्र अन् अनुदान, दुसऱ्या बाजूला अडीच एकर कोरडवाहू. ह्याला कुस्ती म्हणायचं का?

गावातसुद्धा भार सारखा पडत नाही

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. शुल्क काढल्याचा मार सगळ्या कापूसवाल्यांना सारखा बसत नाही.

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता, मध्यम धाग्याचा ७,७१०. सीसीआय हमीभावानं घेते. पण तिथं कोण पोचतो? ज्याच्या नावावर सातबारा आहे, पीक पाहणी झालेली आहे, मोबाईलवर नोंदणी झालेली आहे, ज्याचा कापूस वाळलेला आहे, ज्याच्याकडं ट्रॅक्टरचं भाडं आहे, अन् पैसे खात्यावर पडेपर्यंत जो थांबू शकतो.

आता आबांचं बघा. निम्मी जमीन बटईनं केलेली, तिचा सातबारा दुसऱ्याचा. सप्टेंबरच्या पावसात बोंडं काळी पडली, राहिलेला कापूस ओला. कृषी दुकानाची उधारी डोक्यावर. वेचणीवाल्या बायांचे किलोमागं दहा-बारा रुपये, ते आठवड्याच्या बाजाराला द्यायचेच. त्यांना थांबायला वेळच नाही. म्हणून ते दारातल्या काट्यावर ६,८०० ला घालतात. ज्याला थांबता आलं त्याला ८,११० भेटला, ज्याला थांबता आलं नाही त्यानं तेराशे रुपये सोडून दिले.

म्हणजे रशिया, युक्रेन, अमेरिका, तिरुप्पूर असं करत आलेलं ओझं शेवटी कुणाच्या खांद्यावर उतरलं? ज्याच्यात ते दुसऱ्यावर ढकलायची ताकद नाही त्याच्या. डाव्यांच्या भाषेत यालाच विषमता म्हणतात. विषमता म्हणजे कुणाकडं गाडी अन् कुणाकडं सायकल एवढंच नाही. संकट आलं तर कोण थांबू शकतो अन् कोण नाही, हीच खरी विषमता.

देशाचे आकडे पण बघा. २०१८-१९ च्या सरकारी पाहणीत शेतकरी कुटुंबाचं सरासरी महिन्याचं उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं, त्यात नुसत्या पिकातून ३,७९८. दुसरीकडं २०२४ ला आलेल्या जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडं ४०.१ टक्के संपत्ती होती.

मग डाव्यांची मागणी काय?

किसान सभा आणि संयुक्त किसान मोर्चानं शुल्क काढण्याला विरोध केला, निर्णय मागं घ्या म्हणाले. १३ ऑगस्ट २०२५ ला देशभर 'कंपन्यांनो, भारत सोडा' असा दिवस पाळून अमेरिकेबरोबरच्या व्यापार कराराला विरोध केला.

दुसरी मागणी हमीभावाच्या कायद्याची, अन् तोही 'सी-टू अधिक ५० टक्के' या सूत्रानं. हे सूत्र काय? सरकार आज हमीभाव काढताना बी-खत-मजुरीचा खर्च आणि घरच्या माणसांची मेहनत धरतं, त्यावर निम्मा नफा. स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशीचा आधार घेऊन शेतकरी संघटना म्हणतात, आपल्या जमिनीचं भाडं अन् आपण घातलेल्या पैशाचं व्याज पण खर्चात धरा. त्यांच्या हिशेबानं २०२५-२६ ला मध्यम धाग्याच्या कापसाला १०,०७५ रुपये पाहिजे होते. म्हणजे जाहीर भावापेक्षा २,३६५ रुपये जास्त.

दुसरी बाजू पण ऐका

इथं एक अवघड प्रश्न आहे. तिरुप्पूरच्या कारखान्यात जी बाई शिलाई करते, ती पण गरिबाचीच पोर. कापूस महाग राहिला अन् कारखाना बंद पडला तर तिची रोजी जाते. लाल झेंडा कामगाराचा पण आहे अन् शेतकऱ्याचा पण. मग कुणाची बाजू घेणार? डावे म्हणतात, सरकारनं गिरणीला सरळ मदत द्यावी, ती शेतकऱ्याच्या खिशातून देऊ नये. म्हणणं बरोबर वाटतं, पण तो पैसा कुठून आणायचा, याचं उत्तर त्यांनी आणखी स्पष्ट द्यायला पाहिजे.

महाराष्ट्रातला शेतकऱ्यांचा दुसरा मोठा विचार शरद जोशींचा. त्यांनी नव्वदच्या दशकात डंकेल प्रस्तावाला, म्हणजे पुढं जागतिक व्यापार संघटना ज्यातून आली त्याला, पाठिंबा दिला होता. त्यांचं म्हणणं, शेतकऱ्याला लुटतं ते सरकारच. निर्यातबंदी करतं, आयात करतं, भाव पाडतं. बाजार मोकळा सोडा, भाव भेटेल. २०२५ चं शुल्क काढणं त्यांच्या माणसांना पण खटकलं तर नवल नाही, कारण भाव वाढला की सरकार मध्ये पडतं अन् भाव पडला की बाजाराकडं बोट दाखवतं, हा अनुभव दोन्ही बाजूंचा आहे.

सरकारचं तेव्हाचं म्हणणं, हमीभाव वाढवलाय, सीसीआयची खरेदी चालू आहे, शेतकऱ्याच्या हिताशी तडजोड नाही. अतिवृष्टीनंतर राज्य सरकारनं ऑक्टोबर २०२५ मध्ये ३१,६२८ कोटींचं पॅकेज पण जाहीर केलं.

डाव्यांवर आणखी एक आक्षेप असतो, की ते अमेरिकेला जेवढं बोलतात तेवढं रशिया-चीनला बोलत नाहीत. युक्रेनच्या युद्धावर जगभरच्या डाव्यांमध्ये फूट पडली होती. कुणी 'नाटो'च्या विस्ताराला दोष दिला, कुणी थेट रशियाला. माझं साधं मत, ज्याच्या घरावर बॉम्ब पडला त्याला तो कुणाच्या कारखान्यात बनला हे विचारून काय करायचं?

लढून काही मिळतं का?

मिळतं, पण पूर्ण नाही अन् एकदम नाही.

मार्च २०१८ आठवा. किसान सभेचा लाँग मार्च. ६ तारखेला नाशिकहून निघाले, १८० किलोमीटर चालत १२ तारखेला मुंबईच्या आझाद मैदानावर. बहुतेक आदिवासी शेतकरी, बाया-बापड्या, पायाला फोड आलेले. दहावीच्या पोरांचे पेपर होते, रस्ते अडायला नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून चालले. मुंबईकरांनी पाणी, खाणं, चपला दिल्या. सरकारनं लेखी आश्वासन दिलं. पण वनजमिनीच्या दाव्यांसकट बऱ्याच गोष्टी रेंगाळल्या, म्हणून त्यांना मार्च २०२३ ला पुन्हा दिंडोरीहून चालावं लागलं.

२६ नोव्हेंबर २०२० पासून दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले. महाराष्ट्रातून पण नाशिकहून वाहनांचा जथा गेला होता. वर्षभर ऊन, थंडी, पाऊस. नोव्हेंबर २०२१ ला तिन्ही कृषी कायदे मागं घेतले. हमीभावाचा कायदा मात्र आजपर्यंत नाही.

यातनं मी एवढंच शिकलो. कागदावरचं आश्वासन म्हणजे पेरणी, काढणी नाही.

आता तुम्ही काय करायचं?

एक, सीसीआयला कापूस घालायचा असेल तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आणि तिची मुदत आधी बघून घ्या. सातबाऱ्यावर कापसाची नोंद अन् आधार जोडलेलं बँक खाते लागतं.

दोन, कापूस वाळवूनच न्या. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्याच्या वर १२ टक्क्यांपर्यंत कपात, अन् १२ च्या वर गेला तर परत पाठवतात.

तीन, बटईनं शेती असेल तर मालकाशी आधीच बोलून ठेवा. कापूस त्याच्या नावावर जाणार असेल तर पैशाचा हिशेब चार माणसांसमोर ठरवा.

चार, ज्यांना थांबता येतं त्यांनी शेजाऱ्याला पण एका ट्रॅक्टरमध्ये घ्या. भाडं वाटून जातं, गरिबाचा माल केंद्रावर पोचतो. याला कुठला झेंडा लागत नाही.

पाच, ग्रामसभेत ठराव घ्या. कापसावरच्या आयात शुल्क माफीची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. अशी माफी पुन्हा देऊ नका म्हणून लिहायचं असेल तर ते वेचणीच्या आधी, नंतर नाही.

काल आबा परत भेटले. ही सगळी साखळी त्यांना सांगितली. बिडी विझवून म्हणाले, "म्हणजे भांडण त्यांचं, अन् दंड माझा." मी म्हणलं, हो आबा, असंच. राहिलेला दोन क्विंटल त्यांनी पत्र्याखाली वाळत घातलाय. पुढच्या सोमवारी माझ्याच ट्रॅक्टरमध्ये केंद्रावर न्यायचं ठरलंय. सातबाऱ्याची नक्कल मी काढून आणतो म्हणलंय.